लांबीखालचा पत्रा

अब्बा फारसे बोलके नव्हते. पण एक वाक्य ते आल्यागेल्याला हमखास ऐकवत. "बत्तीस बरस गाडी चलाई, एक खरोंच नहीं आने दी." हे सांगताना त्यांचा हात नकळत दाढीवरून फिरायचा. अम्मी तेवढ्यात चहाचं निमित्त करून आत जायची. ती का जायची, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

अब्बा हिंगणघाटला एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीच्या मालकाकडे ड्रायव्हर होते. हिंगणघाट म्हणजे कापसाचं गाव. दिवाळी झाली की कापसाच्या बंड्यांच्या रांगा लागायच्या, झाडांच्या फांद्यांना आणि विजेच्या तारांना पांढरे पुंजके लोंबकळायचे. आमच्या घरी उर्दूमिश्रित हिंदी, गल्लीत वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी. या तिन्हींत अब्बांना सगळे "भाई" म्हणत. शेठही.

शेठची गाडी म्हणजे १९८२ सालची पांढरी अ‍ॅम्बॅसेडर, मार्क फोर. ही गाडी मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात हिंदुस्थान मोटर्सनं तिला अ‍ॅम्बॅसेडर केलं, आणि साठीच्या दशकापासून मंत्र्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना तिनं सारखंच वाहून नेलं. २०१४ मध्ये तो कारखाना थांबला. अब्बा तोवर राहिले नव्हते. १९९८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली तेव्हा शेठनं नावापुरती किंमत घेऊन गाडी त्यांच्या नावावर करून दिली होती. २०११ मध्ये अब्बा गेले. शेठ त्यांच्याही आधी गेले होते. गाडी मागे राहिली, आमच्या अंगणात, ताडपत्रीखाली.

शेठ नेहमी मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसत. मला त्यांची ती जागा पाठ होती. पण एका हिवाळ्यात ते पुढे, अब्बांच्या शेजारी बसू लागले. मी तेव्हा आठवीत होतो. शाळेतून येताना गाडी दिसायची आणि काचेतून दोघं शेजारी शेजारी दिसायचे. मी अब्बांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शेठची कंबर दुखती. पीछे झटके लगते." मला ते पटलं. मुलांना मोठ्यांची दुखणी चटकन पटतात.

२०२२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. गाडीची आर.सी. मार्चमध्ये संपणार होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि १ एप्रिलपासून त्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर जाणार होती. धाकट्या भावाचं म्हणणं होतं की आता पुरे. आदल्या वर्षी सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण जाहीर केलं होतं, आणि एका भंगारवाल्यानं त्याला भावही सांगितला होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, भावाचं मोबाईलचं दुकान. दोघांपैकी कोणालाही त्या गाडीची गरज नव्हती. तरी मी म्हटलं, एकदा चालवून तर पाहू. कागद संपायच्या आत अम्मीला गिरडला नेऊन आणू. ऐन वेळी अम्मीचे गुडघे धरले, म्हणून मी आणि माझी मुलगी दोघंच निघालो.

गिरड समुद्रपूर तालुक्यात. तिथल्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. आमच्या जिल्ह्यात हिंदू-मुसलमान दोघंही तिथे नवस बोलतात. टेकडीवर सुपारीएवढे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्यानं बाबांची थट्टा केली आणि त्याच्या बैलांवरच्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. दगडांचे जाणकार त्यांना खनिजाचे गोळे म्हणतात. माझ्या मुलीनं दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि एक दगड खिशात टाकला.

परतताना मगरिबची वेळ झाली होती. समोरून ट्रॅक्टर आला, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले, आणि पुढे पऱ्हाटी भरलेली बंडी चालली आहे हे मला दिसलंच नाही. दिसली तेव्हा ब्रेक दाबला. जुना ब्रेक, जुना पाय. वेग वीसच्या आसपास असेल. धाडकन आवाज झाला आणि बंडीचं मागे आलेलं लाकूड गाडीच्या डाव्या दिव्यात घुसलं. चूक सर्वस्वी माझी.

मुलीला काही झालं नव्हतं. बैलही धड होते. पण दोन मिनिटांत दहा-बारा माणसं जमली. त्यांतल्या एका पोरानं गाडीभोवती चक्कर मारली, काचेवरचा दर्ग्याचा हिरवा धागा पाहिला आणि मला विचारलं, "नाव काय गा तुमचं?"

साधा प्रश्न होता. अपघातात नाव विचारतातच. पण त्या क्षणी माझी जीभ टाळूला चिकटली. शेजारी पंधरा वर्षांची मुलगी, समोर बैल, अंधार पडत आलेला. गेल्या काही वर्षांत आपण काय काय वाचलं आणि मोबाईलवर काय काय पाहिलं, ते सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. मी नाव सांगितलंच नाही असं नाही. पण सांगायला जेवढा वेळ घेतला, त्याची मला अजून लाज वाटते.

बंडीवाला म्हातारा बैलांच्या पायांवरून हात फिरवत होता. तो न वळताच म्हणाला, "नाव मंग इचारजो. पयले त्या पोरीले पानी दे."

पोरानं पाणी आणलं. माझं नाव ऐकून त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याला मोबाईलमध्ये माझा नंबर लिहून घ्यायचा होता, बंडीची फळी मोडली होती म्हणून.

रेडिएटरमधून पाणी गळत होतं. इंजिन चालू करण्यात अर्थ नव्हता. म्हाताऱ्यानं पऱ्हाटी उतरवली, बंडी सोडली आणि चऱ्हाटानं बैल माझ्या गाडीला जुंपले. मुलीच्या हातात स्टेअरिंग देऊन मी मागून ढकलत होतो. अशी आमची वरात अर्धा किलोमीटर गेली. वर्ध्याची जुनी माणसं एक गोष्ट सांगत. जमनालाल बजाजांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जोडले जात आणि तिला गमतीनं "ऑक्स-फोर्ड" म्हणत. आमची गाडी तर जन्मानंच ऑक्सफर्ड. मी हे मुलीला सांगितलं तेव्हा ती घाबरलेली असूनही हसली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी वर्ध्याला नेली. आर्वी नाक्याच्या पुढे एका उस्तादांचं डेंटिंगचं दुकान आहे. अब्बा गाडी कायम तिथेच नेत. उस्ताद आता साठीचे. डोक्यावर टोपी, हातावर गॅसच्या ज्योतीचे जुने डाग. दुकानात चार पोरं. आपल्या समाजात असं दुकान नसलेलं गाव सापडणार नाही. शाळा सुटलेली पोरं तिथे येतात, आधी स्पॅनर पुसतात, मग पेपर घासतात आणि दहा वर्षांनी उस्ताद होतात.

उस्तादांनी हातोडी उचलली नाही. आधी बंपर आणि जाळी उतरवली. मग बॉनेट उघडून सुतळी घेतली आणि उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत माप धरलं, नंतर उलट बाजूनं. दोन्ही मापं सारखी आली. "ढाचा सीधा है," ते म्हणाले. "ऊपर का ऊपर रह गया." पुढून ठोकर लागली की माणसं पोचा पाहतात, पण खरी भीती आतला सांगाडा सरकल्याची. बॉनेट आणि मडगार्डमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का, दारं पूर्वीसारखी लागतात का, पंखा रेडिएटरला घासतो का, हे आधी पाहायचं. अ‍ॅम्बॅसेडरचा पत्रा जाड. तो सहसा फाटत नाही, वाकतो. आणि वाकलेलं सरळ करता येतं, यावर तर हा सगळा धंदा उभा आहे.

रेडिएटर सोल्डरिंगला गेला. बंपर सरळ करून क्रोमसाठी नागपूरला पाठवला. जाळीच्या दोन पट्ट्या एका मोडक्या गाडीच्या मिळाल्या. दिवा सात इंची, गोल, त्याची अडचण नव्हती. राहिलं डावं मडगार्ड.

पोचा काढायची रीत उस्तादांनी मुलीला समजावली. ती रोज शाळा सुटल्यावर त्यांना फोन करून विचारायची, शनिवारी माझ्याबरोबर यायची. पोचा जिथे सर्वांत खोल असतो तिथे पहिला घाव घालायचा नाही. ठोकर लागल्यावर जी घडी सर्वांत शेवटी पडली, ती आधी उलगडायची. कडेनं आत यायचं. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, त्याला ते डॉली म्हणतात, आणि बाहेरून उंचवट्यावर हलके घाव घालायचे. घाई केली की पत्रा ताणला जातो, फुगतो, मग बोट दाबलं की डब्यासारखा टिणटिण वाजतो. तसा झाला तर गॅसनं रुपयाएवढी जागा लाल करायची, हलकं ठोकायचं आणि ओलं फडकं लावायचं. थंड होताना पत्रा आकसतो. शेवटी उरलेली बारीक उंचसखल जागा लांबीनं भरायची. लांबी म्हणजे पुट्टी. ती कागदाएवढी पातळ हवी. जाड लांबी म्हणजे डेंटरनं चुकवलेलं काम.

रंग घासायला सुरुवात झाली त्या शनिवारी मी तिथेच होतो. मडगार्डचा वरचा भाग घासताना शागिर्द थांबला. पांढऱ्या रंगाखाली करडी लांबी लागली, आणि ती संपेचना. तळहाताएवढ्या जागेत ती बोटाच्या पेराएवढी जाड होती. कालची ठोकर तर खाली, दिव्याजवळ.

"यह तो पुराना है," पोरगं म्हणालं.

मी म्हटलं, शक्य नाही. या गाडीला अब्बांच्या हातून कधी काही झालं नाही.

उस्ताद आले. त्यांनी त्या जागेवर हात ठेवला. आतल्या बाजूनं बोटं फिरवली. मग स्टूल ओढून बसले आणि पोराला चहा सांगायला पाठवलं.

"भाईंनी घरी सांगू नको म्हटलं होतं," ते म्हणाले. "पण आता भाई नाहीत, आणि पत्रा उघडा पडलाय."

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतरच्या त्या दिवसांतली एक रात्र. अब्बा शेठ आणि शेठाणींना घेऊन नागपूरहून परत येत होते. महामार्गावर अंधारात कडेनं दगड आला. मडगार्डवर बसला आणि पुढचा दिवा घेऊन गेला. अब्बांनी गाडी थांबवली नाही. एका दिव्यावर घरी आणली. शेठना सोडून त्याच रात्री ते वर्ध्याला आले.

"मी तेव्हा माझ्या उस्तादांकडे शागिर्द होतो. आम्ही शटर अर्धं ओढून काम केलं. सकाळच्या आत हवी होती. पत्रा पूरा नहीं निकाला. लांबी भर दी. ते काम माझ्या हातचं आहे, बेटा. अधूरं."

मी विचारलं, दगड चाकाखालून उडाला नसेल कशावरून?

"चाकाखालचा दगड खालून येतो. हा वरून आलाय. पत्र्यावर दिसतं."

"कोणी मारला?"

"अंधारात काय दिसणार? त्यांनी कधी कोणाचं नाव घेतलं नाही. त्यांना माहीत नव्हतं. गाडीत कोण आहे, हे मारणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं?"

चहा आला. मग उस्तादांनी मला विचारलं, वरची लांबी तशीच ठेवून रंग मारू की सगळी काढू? तशी ठेवली तर पैसे वाचतील, कोणाला कळणारही नाही. मला वाटलं, राहू द्यावी. अब्बांनी तीस वर्षं झाकलं ते आपण कशाला उघडावं? पण त्यांनी लांबीच्या कडेला पेचकसाचं टोक लावलं आणि एक खपली निघाली. खाली तपकिरी भुकटी होती. "पाणी शिरलंय," ते म्हणाले. "लांबीनं तीस वर्षं साथ दिली, पण खालून गंज चालू आहे. आज झाकली तर दोन-चार वर्षांत भोक पडेल."

"काढा," मी म्हटलं.

घरी येऊन मी अम्मीला सांगितलं. वाटलं होतं, ती हादरेल. ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली.

"मेरे को मालूम है," ती म्हणाली. "रात को पानी माँगे तो गिलास हाथ में ठहर नहीं रहा था. वो बोल रहे थे, बच्चों को बता देता हूँ, सँभल के रहेंगे. मैंच मना करी. कल इनको उसी स्कूल में बैठना है, उन्हीं बच्चों के साथ. हर दोस्त का हाथ देखते फिरेंगे क्या?"

मी गप्प बसलो. त्या वर्षी मी आठवीत ज्याच्या डब्यातलं खात होतो, तो आजही माझा मित्र आहे. मला तेव्हा कळलं असतं तर? माझ्याकडे उत्तर नाही.

"आणि शेठ?" मी विचारलं. "ते पुढे बसायला लागले होते."

अम्मीचे हात तेव्हा थांबले. "तेरे अब्बा बोले, कुछ दिन दूसरा ड्रायव्हर रख लो. शेठ बोले, नहीं. मैं आगे बैठूँगा. कोई देखेगा तो मेरे को भी देखेगा."

कमरेचं दुखणं तीन-चार महिने चाललं. उन्हाळा लागला आणि शेठ पुन्हा मागे बसू लागले.

मी ही हकीकत भावाला सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे अब्बा खोटं बोलत होते." जरा वेळानं म्हणाला, "भंगारवाल्याला मी नाही म्हणून कळवतो." दोन्ही वाक्यं त्यानं एकाच आवाजात उच्चारली.

मुलीला सांगावं की नाही, यावर मी दोन रात्री घालवल्या. अम्मीनं केलं ते तिच्या काळात बरोबर असेल. पण माझ्या मुलीच्या हातात मोबाईल आहे. तिला दगड रोज दिसतात, तेही कोणीतरी निवडून दाखवलेले. तिला फक्त पुढच्या सीटची गोष्ट कोणी दाखवत नाही. मी तिला दोन्ही सांगितलं, दगडही आणि सीटही. एक लपवून दुसरं सांगता येत नाही. तिनं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही नाव सांगायला इतका वेळ का लावला?" म्हणजे तिच्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं, "भीती वाटली." ती म्हणाली, "मलाही. पण त्या आजोबांना आपण अजून थँक्यू म्हटलं नाही."

उस्तादांनी सगळी लांबी उतरवली. गंजलेला तुकडा कापला, नवा पत्रा जोडला, बाकीचा पोचा आतून बाहेर काढला. या खेपेला घाई नव्हती. वर लागली ती लांबी खरंच कागदाएवढी. मग प्रायमर, पाणी-पेपर आणि जमिनीवर पाणी शिंपडून, धूळ बसवून, रंग. जुन्या गाडीचा पांढरा हा बाजारच्या पांढऱ्यात मिळत नाही, थोडा पिवळा टाकावा लागतो. बिलात वरच्या पोच्याचे पैसे नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "त्याचे पैसे भाईंनी तेव्हाच दिलेत. काम मी आत्ता पुरं केलं."

निघताना त्यांनी गाडी भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी केली आणि दिवे लावले. असर होऊन गेली होती, दुकानात सावली होती. डावा दिवा जरा वर जात होता. स्क्रू फिरवून त्यांनी दोन्ही उजेड एका रेषेत आणले.

मार्च संपायच्या आत आर.सी.चं काम झालं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी रमजान लागला होता, म्हणून रोजा सोडायच्या आत परत यायचं ठरवून सकाळीच निघालो. म्हाताऱ्याचं चऱ्हाट माझ्या डिकीत राहून गेलं होतं. फळीचे पैसेही द्यायचे होते. आधी तो घेत नव्हता, नंतर अर्धे घेतले. मुलीनं त्याला खजुरांचा पुडा दिला. त्यानं गाडीच्या मडगार्डवरून बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि म्हणाला, "काईच नाई झालं असं वाटते."

मी नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही.

अम्मी या वेळी बरोबर होती. सकाळी निघताना भावानं तिच्यासाठी मागचं दार उघडून धरलं होतं. गुडघे दुखतात, मागे पाय लांब करता येतील म्हणून. ती दारापाशी थांबली, गाडीच्या पुढून फिरून डाव्या बाजूला आली, नव्या रंगावर बोटं टेकवली.

"मैं आगे बैठूँगी," ती म्हणाली.